दुधाचा कॅन आणि दोन हजार वर्षांचं झाकण

न्यूजर्सी, ओहायो, मिशिगन... अमेरिकेच्या उत्तरेकडच्या कुठल्याही गावात जानेवारीत फिरलात तर एखाद्या घराच्या मागच्या अंगणात एक चमत्कारिक दृश्य दिसतं. गुडघाभर बर्फ पडलेलं असतं आणि त्या बर्फात दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन ओळीनं उभे असतात. बूच काढलेलं, पोटाभोवती चिकटपट्टी गुंडाळलेली, अंगावर मार्करनं काहीतरी खरडलेलं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, या आठवड्यात कचऱ्याची गाडी आली नसावी. प्रत्यक्षात ती रोपवाटिका असते!

याला इकडे 'विंटर सोइंग' म्हणतात, म्हणजे हिवाळी पेरणी. (आपल्या रब्बीशी गल्लत नको. रब्बीचं बी थंडीत उगवतं आणि वाढतं. इथं बी थंडीत नुसतं पडून राहतं.) कृती अगदी सोपी. गॅलनचा, म्हणजे पावणेचार लिटरचा कॅन घ्यायचा. हँडलच्या खाली आडवा कापायचा, पण मागचे दोन बोटं तसेच ठेवायचे, म्हणजे बिजागरी तयार होते. तळाला पाच-सहा भोकं पाडायची. तीन-चार इंच माती भरून ती चांगली भिजवायची, बी टाकायचं, झाकण मिटवून चिकटपट्टी लावायची. बूच फेकून द्यायचं. मग कॅन उचलून बाहेर बर्फात ठेवायचा आणि एप्रिलपर्यंत विसरायचा.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडा खुलासा. इकडे शेवटचं कडाक्याचं दव एप्रिलअखेर, कधी कधी मे महिन्यातही पडतं. त्यानंतर बी पेरलं तर उन्हाळा हातातून निसटतो. म्हणून रोपं आधी तयार करायची, हा थंड प्रदेशातल्या बागकामाचा जुना प्रश्न आहे. आणि त्यावरचं जुनं उत्तर म्हणजे, बियांवर असं झाकण घाला की ऊन आत येईल पण थंडी येणार नाही. दोन हजार वर्षं माणूस या झाकणाच्या मागे आहे. या वीकेंडला त्या झाकणाचा इतिहास वाचत बसलो होतो, आणि गंमत अशी लक्षात आली, की ते झाकण सम्राटाच्या हातातून कचऱ्याच्या डब्यापर्यंत येता येता शेवटच्या पायरीवर त्याचं काम बरोब्बर उलटं झालं. बाकी सगळी झाकणं हिवाळा बाहेर ठेवायला होती. हा कॅन हिवाळ्याला आत घेतो.

तर सुरुवात सम्राटापासून.

रोमचा सम्राट टायबेरियस (कारकीर्द इ. स. १४ ते ३७) याला काकडी इतकी आवडायची की ती रोज ताटात लागे. रोज म्हणजे हिवाळ्यातसुद्धा. थोरला प्लिनी लिहितो, की त्याच्या माळ्यांनी चाकांवर वाफे केले होते. ऊन असेल तिकडे वाफे ढकलत न्यायचे आणि थंडी पडली की पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली आणायचे. हा दगड म्हणजे 'लापिस स्पेक्युलारिस', जिप्समचा एक पापुद्र्यांचा प्रकार. अभ्रकासारखे त्याचे पातळ पदर सुटतात. उत्तम माल स्पेनमधल्या सेगोब्रिगाच्या आसपासच्या खाणींतून यायचा. म्हणजे एका माणसाच्या काकडीसाठी स्पेनमध्ये खाणकाम, समुद्रातून वाहतूक आणि वाफे ढकलायला माणसांची फौज!

(जाता जाता: ती काकडी बहुधा काकडी नव्हतीच. २००० नंतरच्या दशकात जुनी चित्रं आणि वर्णनं तपासून वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवलंय की रोमनांचं 'कुकुमिस' हे खरबुजाच्या जातीतलं लांबोडकं फळ होतं. म्हणजे आपल्या वाळकाचा भाऊबंद. सम्राट वाळूक खात होता म्हटलं की इतिहास एकदम घरचा वाटायला लागतो.)

मधली दीड हजार वर्षं सोडून देतो, कारण झाकणाच्या बाबतीत सांगण्यासारखं फार नाही. काच होती, पण महाग. खरी मजा येते ती एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये. शहरात आणि शहराच्या कडेला भाजीवाल्यांचे छोटे छोटे मळे होते, एकेक जेमतेम दोन-तीन एकरांचा. हे लोक भर हिवाळ्यात लेट्यूस आणि मुळे काढून बाजारात आणत. त्यांची दोन हत्यारं. एक घोड्याची लीद, दुसरं 'क्लोश'. क्लोश म्हणजे फ्रेंचमध्ये घंटा. देवळातल्या मोठ्या घंटेच्या आकाराचं काचेचं भांडं, रोपावर पालथं घालायचं. एकेका मळ्यात अशी हजारो भांडी. खाली लिदीचा जाड थर, तो कुजताना गरम होतो. वर काच. मध्ये रोपं खुशाल.

क्रोपोटकिन, तोच तो रशियन अराजकवादी, १८९९ च्या त्याच्या 'फील्ड्स, फॅक्टरीज अँड वर्कशॉप्स' या पुस्तकात या माळ्यांवर अगदी फिदा झालेला आहे. त्यातला एक तपशील मला फार आवडतो. हे लोक भाडेकरारात अट घालून घेत, की जागा सोडताना ठरावीक खोलीपर्यंतची माती आपण बरोबर घेऊन जाणार. कारण ती माती त्यांनी केलेली असे. आपल्याकडे भाडेकरू जाताना ट्यूबलाइट काढून नेतो, ही माणसं शेत काढून न्यायची.

पण क्लोशमध्ये एक मोठी गोम होती. काचेच्या बंद घंटेखाली ऊन आलं की तासाभरात रोप शिजतं. म्हणून ऊन निघालं की प्रत्येक घंटा एका बाजूनं उचलून खाली खाचांची काठी टेकवायची. ढग आले की काठी काढायची. संध्याकाळी सगळ्या बंद. कडाक्याची थंडी असेल तर वरून गवताच्या चटया. हजार घंटा असतील तर हजार वेळा वाकायचं, तेही दिवसातून दोनदा. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम झकास होती पण सगळं ऑपरेशन मॅन्युअल. मालक, बायको, पोरं, नोकर, सगळे त्यात जुंपलेले. पुढे रस्त्यावर मोटारी आल्या, घोडे गेले, घोड्यांबरोबर लीद गेली. शहर वाढलं, जमिनी महाग झाल्या, आणि तो धंदा संपला. आज त्या घंटा अँटिक म्हणून विकल्या जातात आणि लोक त्या शोभेला ठेवतात.

याच शतकात लंडनला एका डॉक्टरनं झाकणाचा वेगळाच गुण शोधला, तोही अपघातानं. नॅथॅनिएल वॉर्ड हे त्याचं नाव. ईस्ट एंडच्या धुरकट वस्तीत तो राहायचा आणि त्या कोळशाच्या धुरात त्याचे नेचे जगायचे नाहीत. १८२९ साली त्यानं पतंगाचा एक कोश काचेच्या बाटलीत ओल्या मातीवर ठेवून झाकण लावलं. पतंगाचं काय झालं ते बाजूला राहिलं, पण त्या मातीतून एक नेचा आणि एक गवताचं पातं उगवलं. बाटली बंद. पाणी वाफ होऊन काचेला लागतं आणि परत खाली येतं. ती दोन रोपं पाणी न घालता जवळजवळ चार वर्षं जगली. झाकण गंजलं आणि पावसाचं पाणी आत गेलं, तेव्हा कुजून मेली.

वॉर्डनं मग काचेच्या पेट्या केल्या. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून रोपं सिडनीला पाठवली. ती जिवंत पोचली, आणि येताना त्याच पेट्यांतून ऑस्ट्रेलियातली रोपं लंडनला आली. तोपर्यंत जहाजावरून रोपं नेणं म्हणजे वाटेत खारं पाणी आणि वारा लागून बहुतेक सगळी मरणार, हे गृहीतच असायचं. आता जगातली कुठलीही वनस्पती कुठंही नेता येऊ लागली, आणि ब्रिटिश साम्राज्यानं तसं केलं. रॉबर्ट फॉर्च्यून १८४८ ते १८५१ या काळात चीनमधून चहा घेऊन हिमालयात आला तो या पेट्यांतून. चहाचं बी सुकलं की लवकर मरतं, म्हणून त्यानं ते पेटीतल्या ओल्या मातीतच पेरलं. जहाज कलकत्त्याकडे निघालेलं असताना आत हजारो रोपं उगवत होती. तुमच्या सकाळच्या कपाचा आणि अंगणातल्या दुधाच्या कॅनचा असा संबंध आहे. :)

सिंकोना, म्हणजे क्विनाइनचं झाड, दक्षिण अमेरिकेतून उटीला आणायचा खटाटोपही याच पेट्यांच्या जोरावर झाला. आपल्या महाबळेश्वरला लिंगमळ्यालाही १८६० च्या दशकात सिंकोनाची लागवड करून बघितली होती, ती टिकली नाही. आज तिथं लोक धबधबा बघायला जातात.

असो. मुद्दा असा, की वॉर्डच्या पेटीपर्यंत झाकणाचं सगळं ज्ञान जमा झालं होतं. उरली होती ती फक्त किंमत. ब्रिटनमध्ये काचेवरची जकात १८४५ ला उठली आणि काच स्वस्त झाली, तरी ती फुटायची, जड असायची आणि फुकट तर नव्हतीच.

ती फुकट व्हायला प्लास्टिक यावं लागलं.

पॉलिएथिलीन पहिल्यांदा मिळालं १९३३ मध्ये, इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत, गिब्सन आणि फॉसेट यांना. तेही अपघातानंच. ते मऊ होतं. कडक, ताठ उभं राहणारं पॉलिएथिलीन यायला १९५० चं दशक उजाडलं. ओक्लाहोमात फिलिप्स पेट्रोलियमचे होगन आणि बँक्स यांनी १९५१ मध्ये आणि जर्मनीत कार्ल झीग्लरनं १९५३ मध्ये ते वेगवेगळ्या वाटांनी बनवलं. फिलिप्सनं मोठा कारखाना टाकला, पण सुरुवातीचा माल एकसारखा येईना. गोदामं भरली. ती गोदामं रिकामी केली कोणी, तर १९५८ च्या हुला हूपनं! कमरेभोवती फिरवायची ती रिंग. सगळी अमेरिका कंबर हलवत होती आणि त्यात एका पॉलिमरचं भविष्य ठरत होतं.

मग १९६४ च्या सुमारास याच प्लास्टिकचा गॅलनचा दुधाचा कॅन बाजारात आला. तोवर अमेरिकेत दूधवाला काचेच्या बाटल्या दारात ठेवून रिकाम्या परत न्यायचा. (मुंबईकरांना आरेच्या बाटल्या आठवत असतील, ॲल्युमिनियमच्या त्या पातळ रंगीत टोपीच्या.) १९६३ मध्ये जवळपास ३० टक्के लोक घरपोच दूध घेत, १९७५ पर्यंत ते ७ टक्क्यांवर आले. फ्रिज, मोटारी आणि सुपरमार्केट ही कारणं आहेतच, पण फेकून देता येणारा हलका कॅन हेही एक कारण. बाटली परत जायची, कॅन परत जाईना. १९८८ मध्ये प्लास्टिक उद्योगानं बुडाशी त्रिकोणात आकडा छापायची पद्धत आणली. दुधाच्या कॅनवरचा आकडा २. आकडा छापला म्हणजे रिसायकल होतंच असं नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

आता या कॅनकडे जरा इंजिनियरच्या नजरेनं बघा. वजन रिकामा असताना साठेक ग्रॅम. हँडल पोकळ. भिंत दुधी, म्हणजे पारदर्शक नव्हे, अर्धपारदर्शक. ऊन आत येतं पण विखरून येतं, त्यामुळं पान भाजत नाही. आणि वरचं तोंड ३८ मिलिमीटरचं. दूध नीट ओतता यावं म्हणून कोणीतरी ठरवलेलं हे माप. बूच काढलं की त्यातून गरम हवा आपोआप वर निघून जाते. पाऊस आणि वितळणारं बर्फ त्यातूनच आत टपकतं. पॅरिसच्या माळ्याची ती खाचांची काठी, ते हजार वेळा वाकणं, चटया, झारी, या सगळ्याचं काम ते एक भोक करतं. डिझाइन करणाऱ्याच्या स्वप्नातही नसलेला उपयोग हा मला नेहमीच सर्वांत देखणा वाटतो.

ही जुळवाजुळव लोकप्रिय करण्याचं श्रेय जातं न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या ट्रूडी डेव्हिडॉफ यांना, साधारण २००० सालच्या आसपास. बिया भरपूर, घर लहान, आणि घरात दिव्यांखाली ट्रे मांडायला जागा नाही. मग बिया झाकणाच्या डब्यांत पेरून सरळ बाहेर ठेवल्या. 'विंटर सोइंग' हे नाव रूढ झालं ते त्यांच्यामुळं. त्यांनी नवीन जीवशास्त्र शोधलं नाही, तसा दावाही नाही. कॉम्पोनंट सगळे आधीपासून पडलेले होते, कोणीतरी ते एकत्र कंपाइल करायचे राहिले होते.

आणि इथंच ते उलटं वळण येतं. बाहेर ठेवल्यावर माती गोठते. परत वितळते. परत गोठते. टायबेरियसच्या माळ्याला हे कळलं असतं तर तो बेशुद्ध पडला असता. पण कॅनमधल्या बियांना नेमकं तेच हवं असतं.

थंड प्रदेशातल्या कितीतरी जंगली फुलांच्या, झाडांच्या बिया कुलूप लावूनच जमिनीवर पडतात. सप्टेंबरात बी पडलं, ऑक्टोबरात चार दिवस उबदार आले, पाऊस झाला, आणि बी भोळेपणानं उगवलं तर पुढच्याच महिन्यात बर्फाखाली मरणार. म्हणून ओल आणि ऊब एवढ्यावर ते उगवतच नाही. त्याला आधी काही आठवडे ओली थंडी लागते. त्या काळात बियातलं उगवण रोखणारं संप्रेरक, ॲब्सिसिक ॲसिड, त्याचा जोर ओसरतो आणि जिबरेलिनांचा वाढतो. मगच ऊब आली की कुलूप उघडतं.

माळ्यांना हे फार आधीपासून हाताला माहीत होतं. जॉन एव्हलिननं १६६४ च्या त्याच्या वृक्षांवरच्या ग्रंथात झाडांच्या बिया हिवाळाभर ओल्या वाळूत किंवा मातीत थरावर थर लावून ठेवायला सांगितल्या आहेत. थर लावायचे म्हणून इंग्रजीत या प्रकाराला आजही 'स्ट्रॅटिफिकेशन' म्हणतात. नेमकं किती अंश, किती आठवडे याचा पद्धतशीर अभ्यास झाला १९२४ मध्ये न्यूयॉर्कजवळ यॉंकर्सला सुरू झालेल्या बॉइस थॉम्प्सन संस्थेत. विल्यम क्रॉकर आणि लीला बार्टन यांनी तिथं वर्षानुवर्षं शीतपेट्यांत बिया ठेवून वेळापत्रकं काढली. त्यांचं 'फिजिऑलॉजी ऑफ सीड्स' १९५३ मध्ये आलं. यॉंकर्स आणि लाँग आयलंड, मध्ये तासाभराचा रस्ता. पण प्रयोगशाळेचं ज्ञान अंगणात यायला पन्नास वर्षं लागली, आणि शीतपेटीच्या जागी आला सरळ जानेवारी महिना.

आपल्याकडची सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे धूळपेरणी. खानदेशात, विदर्भात कपाशीला करतात, कोकणात भाताला धूळवाफ करतात. पाऊस यायच्या आधीच कोरड्या मातीत बी टाकून ठेवायचं. तारीख माणूस ठरवत नाही, पाऊस ठरवतो. घरात ट्रेमध्ये १५ मार्चला बी पेरणं हा क्रॉन जॉब झाला. धूळपेरणी आणि हिवाळी पेरणी या इंटरप्टवर चालतात.

पण एक फरक आहे आणि तो जीवघेणा आहे. कपाशीच्या, भाताच्या बियाला आपण हजारो वर्षं निवडून निवडून ते कुलूप जवळजवळ काढून टाकलंय. पेरल्याबरोबर सगळं एकदम उगवायला हवं ना! त्यामुळं रोहिणीत एक फसवी सर आली की धूळपेरणीचं बी विश्वास ठेवून उगवतं, मग पंधरा दिवस पावसाचा पत्ता नाही, आणि दुबार पेरणी. बियाण्याचे पैसे दोनदा, उसनवारी दोनदा. जंगली बियाला दुबार पेरणी करून देणारं कोणी नसतं. ते कुलूप म्हणजे त्याचा विमा.

आता हे सगळं कशासाठी, तर माझ्यापुरतं उत्तर आहे मिल्कवीड. दुधाच्या कॅनमध्ये मिल्कवीड लावणं हा योगायोग मराठीतही चालतो, कारण ही वनस्पती म्हणजे आपल्या रुईची चुलत बहीण. तसाच पांढरा चीक, तशीच फुगीर बोंडं, आणि बोंड फुटलं की तशाच रेशमी केसांच्या बिया हवेत उडतात. लहानपणी आपण 'म्हातारी' म्हणून ज्यांच्यामागे धावायचो त्याच. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतो, त्या रुईवर घराजवळ कधी बघितलंत तर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या दिसतील. त्या प्लेन टायगर फुलपाखराच्या. त्याचा अमेरिकन भाऊ म्हणजे मोनार्क, आणि मोनार्कची अळी मिल्कवीडवरच जगते, दुसरं काही खात नाही.

एके काळी या झाडाला देशात केवढा मान होता! दुसऱ्या महायुद्धात जपाननं जावा घेतलं आणि लाइफ जॅकेटात भरायचा कपोक, म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस, अमेरिकेला मिळेनासा झाला. तेव्हा शाळकरी पोरांना पोती देऊन रानात मिल्कवीडची बोंडं गोळा करायला पाठवलं. मिशिगनमधल्या पेटोस्कीला १९४४ मध्ये तो धागा काढायचा कारखाना चालू होता. नाविकांचे जीव वाचवणारं हे झाड पन्नास वर्षांनी शेतातलं नको असलेलं तण झालं. १९९६ मध्ये तणनाशक सहन करणारं सोयाबीन आलं, पाठोपाठ १९९८ मध्ये मका. फवारणीत पीक राहतं, बाकी सगळं जातं. १९९९ ते २०१० या काळात अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातलं मिल्कवीड ५८ टक्क्यांनी घटलं आणि तिथली मोनार्कची पैदास ८१ टक्क्यांनी, असा अंदाज प्लेझंट्स आणि ओबरहाउझर यांनी मांडला. मोनार्क हिवाळ्यात मेक्सिकोच्या डोंगरात जमतात, ते मोजतात व्यापलेल्या जंगलाच्या क्षेत्रावरून. १९९६-९७ च्या हिवाळ्यात १८ हेक्टरच्या वर. २०१३-१४ ला ०.६७ हेक्टर. २०२४-२५ ला १.७९. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकन सरकारनं मोनार्कला संकटग्रस्त यादीत घालायचा प्रस्ताव मांडला.

इथल्या साध्या मिल्कवीडच्या बियाला साधारण महिनाभर ओली थंडी लागते. फ्रिजमध्ये ओल्या टिशूत गुंडाळून ठेवता येतं (आणि मग कोणीतरी ते साफसफाईत फेकतं). कॅनमध्ये मात्र जानेवारीत टाकलं की मे महिन्यात रोपं तयार, तीही वारा-ऊन-थंडी सोसलेली. घरात वाढवलेल्या नाजूक रोपांना आठवडाभर रोज बाहेर-आत करून सवय लावावी लागते, ती भानगड नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. यानं प्लास्टिकचा प्रश्न सुटतो वगैरे जे बोललं जातं ते मला पटत नाही. या प्लास्टिकमध्ये ऊन सोसायचं रसायन नसतं. एक-दोन हंगाम झाले की कॅन कडक होतो, चुरायला लागतो, आणि चुरा मातीत जायच्या आधी तो आकडा २ च्या डब्यात टाकावा लागतो. कचरा थोडा उशिरा होतो, एवढंच. आपल्याकडं दुधाच्या पिशव्यांत रोपं करणाऱ्या कितीतरी आज्या मी बघितल्यात, त्यांनाही आपण पर्यावरण वाचवतोय असं वाटत नसे. पिशवी होती, माती होती, तुळशीचं रोप कुणाला तरी द्यायचं होतं. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली तेव्हा दूधपिशवीला जाडीची आणि परत घ्यायची किंमत, किमान ५० पैसे, छापायची अट घातली. प्रश्न सुटायचा तर असल्या अटी पाळण्यातून सुटेल, माझ्या अंगणातून नाही.

पण मिल्कवीडचा हिशोब वेगळा आहे. २०१७ च्या एका अभ्यासात म्हटलंय की मोनार्क सावरायचे तर मध्यपश्चिमेत मिल्कवीडचे १३० कोटींहून जास्त नवे दांडे उभे राहायला हवेत. एका कॅनमध्ये साधारण २५ रोपं येतात असं धरा. १३० कोटी भागिले २५, म्हणजे ५ कोटी २० लाख कॅन. ऐकायला अशक्य वाटतं, पण अमेरिकेची लोकसंख्या ३३ कोटींच्या पुढे आहे, आणि दर सहा-साडेसहा माणसांमागे एक कॅन म्हणजे काही फार नव्हे. शिवाय हा आकडा दांड्यांचा आहे, रोपांचा नव्हे. साधं मिल्कवीड जमिनीखालून मुळं पसरवत जातं आणि एका रोपाचे दोन-तीन वर्षांत पाच-दहा दांडे होतात, शेजाऱ्याच्या हिरवळीतसुद्धा. शेजाऱ्याला आधी सांगून ठेवलेलं बरं.